नमस्कार घालण्यापूर्वी

पूर्व विदर्भातल्या आंबागडच्या किल्ल्याविषयी दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. तो १७०० च्या आसपास, देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या अमदानीत राजखान पठाणाने बांधला, ही पहिली. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला, कैद्यांना आतल्या विहिरीचं साचलेलं पाणी प्यायला लावलं आणि त्या पाण्यानेच ते दगावले, ही दुसरी. पहिली गोष्ट गुरुजी सांगतात तेव्हा पोरं इकडेतिकडे बघतात. दुसरीला कान टवकारतात. योगाभ्यासाच्या पुस्तिकेत या विहिरीचं काय काम, असं वाचक विचारेल. काम आहे. या पुस्तिकेतला मुख्य अभ्यास, म्हणजे सूर्यनमस्कार, ज्यांनी मराठी शाळांच्या अंगणात आणला, त्यांनीही आपल्या राज्यात एक तुरुंग उभा केला होता. फक्त त्याला भिंती नव्हत्या.

ते म्हणजे औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८ चा, गादीवर आले १९०९ मध्ये, वारले १९५१ मध्ये. संस्थान ७२ गावांचं, तेही सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. राजेसाहेब पदवीधर होते, चित्रं काढत, स्वतः उभं राहून कीर्तन करत. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी पैसा पुरवला, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासाठी जागा दिली. १९३८ च्या वाढदिवशी त्यांनी कारभार प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं आणि गांधीजींचा सल्ला घेऊन, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या साहाय्याने, १९३९ मध्ये तशी घटनाही आणली. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. शिक्षा झालेले कैदी तिथे बेड्यांशिवाय राहत आणि शेती करत. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या प्रयोगावरून सुचला. त्याचे लेखक ग. दि. माडगूळकर औंधच्याच शाळेत शिकलेले.

राजेसाहेबांची ही बाजू आधी मांडली, कारण व्यायामाच्या पुस्तकांत ते येतात ते फक्त ‘सूर्यनमस्काराचे प्रचारक’ म्हणून, आणि मग मागे उरतो तो एक हट्टी, हौशी संस्थानिक. हट्टी ते होतेच. पण कैद्याच्या बेड्या काढून त्याच्यावर शेत सोपवणारा माणूस आणि पोराच्या हातातली व्यायामाची साधनं काढून त्याला मोकळ्या जमिनीवर उभं करणारा माणूस एकच आहे, हे लक्षात घेतलं की त्यांच्या हट्टामागचा विचार कळतो. शिस्त बाहेरून लादायची नाही, माणसाच्या हाती सोपवायची, असा तो विचार होता. (शाळेत नमस्कार सक्तीचे करताना मात्र त्यांनी तो सोयीस्करपणे बाजूला ठेवला, हेही खरं.)

नमस्काराकडे ते वळले तेही आडवाटेने. त्या काळात यूजीन सँडो या पहिलवानाचं भारी वेड होतं. जर्मनीत जन्मलेला, लंडनमध्ये नाव कमावलेला हा गडी १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, तेव्हा त्याचे पिळदार दंड पाहायला गर्दी लोटली होती. भवानरावांनी त्याच्याही आधी, १८९७ मध्ये, सँडोचं पुस्तक आणि साधनं विकत घेतली होती आणि दहा वर्षं तो व्यायाम नेमाने केला होता. मिरजकर राजांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे आले, ते त्यानंतर. म्हणजे ज्याला पाश्चात्त्य व्यायामाची ओळखच नव्हती अशा कुणा सनातन्याने परंपरेचं गुणगान केलं, असा हा प्रकार नाही. दोन्ही करून पाहिलेल्या माणसाने एक निवडला.

नमस्कार त्यांनी शोधला नाही. समर्थ रामदास टाकळीला असताना रोज १,२०० नमस्कार घालत, असं परंपरा सांगते. आखाड्यात जोर होते, देवघरात साष्टांग दंडवत होतं, रथसप्तमीला सूर्यपूजा होती. भवानरावांनी या सगळ्याला एक क्रम दिला, प्रत्येक स्थितीला श्वासाचा नियम लावला, आरंभी मंत्र ठेवला आणि तो अख्खा घाट शाळेच्या वेळापत्रकात नेऊन बसवला. मुलींनी आणि बायकांनी नमस्कार घालावेत हा त्यांचा आग्रह तर त्या काळाच्या मानाने धाडसाचाच. राणीसाहेबही नमस्कार घालत, हे ते चारचौघांत सांगत. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलेलं त्यांचं पुस्तक लंडनहून इंग्रजीत निघालं. पुढे मुलगा, मुत्सद्दी आप्पासाहेब पंत, यांनीही त्याच विषयावर लिहिलं.

आता प्रत्यक्ष नमस्काराकडे येऊ. कारण नाव सगळ्यांना माहीत आणि नमस्कार मात्र धडपणे कुणालाच माहीत नाही, अशी आज गत आहे.

औंधच्या पद्धतीत दहा स्थिती आहेत. आज बऱ्याच शाळांत बारा शिकवतात. आकड्यावरून भांडायचं कारण नाही. पाय जुळवून ताठ उभं राहायचं, हात छातीशी जोडायचे. इथे मंत्र: ॐकार, ह्रां-ह्रीं-ह्रूं यांपैकी एक बीजाक्षर, आणि मित्र, रवी, सूर्य, भानू या क्रमाने सूर्याच्या बारा नावांपैकी एक नाव. मग श्वास सोडत कमरेतून वाकून तळवे पावलांशेजारी टेकायचे. इथून पुढे परत उभं राहीपर्यंत हे तळवे जागचे हलायचे नाहीत, हीच खरी मेख. एक पाय मागे जातो तेव्हा श्वास आत. दुसरा मागे जाऊन अंग फळीसारखं सरळ होतं. मग साष्टांग. दोन पावलं, दोन गुडघे, दोन तळवे, छाती आणि कपाळ अशी आठ अंगं भुईला लागतात. पोट लागत नाही. पोट भुईला लागलं की ते साष्टांग राहत नाही, नुसतं पालथं पडणं होतं. श्वास इथे बाहेर असतो आणि क्षणभर बाहेरच राहतो. तिथून छाती वर उचलून मान मागे जाते तेव्हा तो आपोआप आत येतो, आणावा लागत नाही. मग कंबर वर, टाचा भुईकडे, श्वास बाहेर. पुढे आलेल्या वाटेनेच परत.

हे सावकाश वाचलं तर ध्यानात येईल की पाठीचा कणा इथे आळीपाळीने पुढे आणि मागे वळतो, आणि प्रत्येक वळणाला श्वासाची जोड आहे. छाती उघडते तेव्हा हवा आत, पोट दबतं तेव्हा हवा बाहेर. शरीराची ठेवणच अशी आहे की याच्या उलट करायला गेलं तर लगेच दम लागतो. एकेका स्थितीला तीन सेकंद धरले तर दहा स्थितींना अर्धं मिनिट लागतं आणि बारा नमस्कार सहा मिनिटांत होतात. सहाऐवजी तीन मिनिटांत बारा झाले, तर श्वास कुठेतरी गाळला गेला आहे, हे पाहणाऱ्याने न विचारता ओळखावं. या पुस्तिकेचा सगळा भर त्या गाळलेल्या श्वासावर आहे. शाळेच्या मैदानावर शिट्टीच्या तालावर जे चालतं त्यात हालचाल असते, मंत्र ध्वनिक्षेपकावरून येतो, आणि पोरं श्वास आपापल्या सोयीने घेतात. कवायत म्हणून ते वाईट नाही. पण शिट्टी सगळ्यांना एकाच वेगाने पळवते आणि दम प्रत्येकाचा वेगळा असतो.

मंत्राविषयी थोडं. बीजाक्षरांच्या कंपनांनी एकेक अवयव सुधारतो असं राजेसाहेब मानत. मला ते पटत नाही. पण मंत्राचा एक परिणाम असा आहे की तो मानायला श्रद्धा लागत नाही: लांब स्वरात काही म्हणायचं तर उच्छ्वास लांबवावाच लागतो. इटलीतले हृदयवैद्य लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॅथलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुं’ हा बौद्ध मंत्र म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि त्याच लयीत हृदयाचे ठोके व रक्तदाब यांचे चढउतार एकमेकांशी जुळतात, असं त्यांना दिसलं. लॅटिन असो की संस्कृत, उच्छ्वासाला काही फरक पडला नाही. म्हणून ज्यांना सूर्याची नावं घ्यायची नसतील त्यांनी आपल्या श्रद्धेचं दुसरं काही म्हणावं किंवा नुसता लांब स्वर काढावा, अशी मोकळीक या पुस्तिकेत दिली आहे. ती बरोबर आहे. गावात सगळ्या धर्मांची माणसं राहतात आणि श्वास सगळेच घेतात.

हा सगळा योग म्हणायचा की नुसता व्यायाम, यावर त्या काळी बरीच चकमक झडली. १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला योग संस्था काढणारे योगेंद्रजी यांनी सूर्यनमस्कार योगात घुसडण्याला स्वच्छ विरोध केला. सूर्यपूजेला जोडलेली कसरत, असं त्यांचं मत होतं. खुद्द भवानरावांनाही योगी म्हणवून घेण्याची हौस नव्हती, ते आरोग्याची भाषा बोलत. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी वेगळीच वाट धरली. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात अंग कमावलेला आणि नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकलेला हा माणूस. दोन्ही बाजू त्याच्या अंगात मुरलेल्या. त्यांनी वाद घालण्यापेक्षा उपकरणं मांडली. नौली ही पोटाची क्रिया करताना आतड्यातला दाब बाहेरच्या हवेहून खाली जातो हे त्यांनी मोजून दाखवलं आणि ते ‘योगमीमांसा’ या आपल्या नियतकालिकात छापलं. प्राणायामाने फुप्फुसात जादा प्राणवायू भरतो म्हणून तो चांगला, हा भाबडा समज त्यांनी उचलून धरला नाही. खरा लाभ श्वसनाच्या आणि मज्जासंस्थेच्या शिस्तीत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. योगाचं कौतुक करणाऱ्यांपैकी कितीजण आजही ‘ऑक्सिजन वाढतो’ हेच सांगत फिरतात! त्यांनी लोणावळ्याचे जुने अंक उघडावेत.

इकडे हा वाद चालू असताना तिकडे म्हैसूरच्या राजवाड्यात १९३० च्या दशकात कृष्णम्माचार्य आसनांची आणि श्वासाची साखळी गुंफत होते. त्यांचे शिष्य पट्टाभि जोईस यांच्या पद्धतीत प्रत्येक बैठक सूर्यनमस्कारानेच सुरू होते. दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले आणि कायमचे पुणेकर झाले. त्यांनी नेमका उलटा मार्ग धरला, एकेका आसनात थांबण्याचा. जोईस यांच्या वाटेने गेलेला प्रवाह अमेरिका-युरोपात पोचला आणि हालचाल, श्वास, ध्यान यांचं मिश्रण म्हणून नाना नावांनी विकला जाऊ लागला. आता तो समाजमाध्यमांवरून, महागड्या चटईसकट, परत आपल्याकडे आला आहे. इंग्रज अभ्यासक मार्क सिंगल्टन यांनी २०१० मध्ये आधुनिक योगाच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं, त्यात औंधचे राजे ठळकपणे येतात. परदेशी अभ्यासकाने सांगेपर्यंत आपल्या राजाचं नाव आपल्याच योगवर्गांत कुणी घेत नव्हतं, ही गंमत म्हणायची की आणखी काही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

विदर्भाला हे सगळं पश्चिमेकडून आलं असं समजायचं कारण नाही. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा सुरू केला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पथकाने तिथे देशी व्यायामांची प्रात्यक्षिकं केली. नागपुरात रामनगरला जनार्दनस्वामींनी योगाभ्यासी मंडळ उभं केलं. स्वामी मूळचे कोकणातले, पण आयुष्य इकडे घालवलं. त्यांचं ‘सुलभ सांघिक आसने’ हे पुस्तक नावातच आपला हेतू सांगतं: दहाजणांनी मिळून करता येतील, एकाने सांगावं आणि बाकीच्यांनी करावं, अशी सोपी आसनं. शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत हा दंडक. त्यांच्या पठडीतल्या वर्गात आसन, प्राणायाम आणि शेवटी शांत बसणं एकापाठोपाठ येतं, आणि बसलेल्यांत निवृत्त कारकून, गृहिणी, शाळकरी पोरं सगळी सरमिसळ असते. आपल्या भागात योग शिकवणाऱ्यांपैकी अनेकांची मुळं तपासली तर ती या रामनगरापर्यंत जातात.

आणि ध्यानाचं म्हणाल तर ते इथल्या गावात आधीपासूनच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं उभी केली आणि दोन नेम घालून दिले: पहाटे सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. खंजिरीवरचं भजन सगळ्यांच्या लक्षात राहिलं; पहाटेचं ध्यान मागे पडलं. पण ज्या गावात मंडळ टिकून आहे तिथे चार म्हातारी माणसं अजूनही पहाटे पाठ ताठ करून एका जागी बसतात. त्यांना ‘माइंडफुलनेस’ शिकवायला कुणी येण्याची गरज नाही. नमस्काराला जोडून ध्यान ठेवताना या पुस्तिकेने तोच धागा पकडला आहे. शेवटचा नमस्कार झाला की लगेच उठायचं नाही; उभ्या अंगाचा श्वास खाली बसेपर्यंत थांबायचं, मग मांडी घालायची आणि दहा मिनिटं तो श्वास नुसता येऊ-जाऊ द्यायचा. अंग हलवून झाल्यावर मन बसवणं सोपं जातं, एवढं साधं कारण त्यामागे आहे.

आता आंबागडाकडे. इथे आणि आजूबाजूच्या गावांत योगाचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो: दिवसभर शेतात राबतो, व्यायाम अजून कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘योग म्हणजे केवळ व्यायाम नव्हे’ असं ठरावीक उत्तर देणं हा उद्धटपणा आहे. धानाच्या रोवणीचं उदाहरण घ्या. आषाढात बांधीतल्या चिखलात बायका ओळीने उभ्या असतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजव्या हाताची तीन बोटं चिखलात जातात आणि रोप लावून वर येतात. कंबर सकाळी वाकते ती दुपारच्या भाकरीपर्यंत वाकलेलीच. श्रम भरपूर आहेत, पण सगळे एकाच दिशेचे. कणा पुढे जातो, मागे कधी जात नाही. छाती मिटलेली, श्वास वरवरचा. संध्याकाळी बाई धुऱ्यावर उभी राहून दोन्ही हात कमरेवर ठेवते आणि मागे झुकते, तेव्हा तिचं शरीर न शिकवता नमस्कारातली ती छाती उचलण्याची स्थितीच मागत असतं. तिला शंभर नमस्कारांची गरज नाही. सकाळी चार आणि रात्री निजण्याआधी पालथं पडून छाती दोन-तीनदा उचलणं, तेही श्वासाबरोबर, एवढं तिच्या उपयोगाचं आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींत काम करणाऱ्यांचे, तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती वाहणाऱ्यांचे खांदे वेगळे दुखतात. त्यांच्यासाठी क्रम थोडा बदलला आहे, तो त्या त्या प्रकरणात पाहावा.

सावधगिरीचं प्रकरण कुणी वगळू नये. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे. असा रुग्ण उन्हात, पाणी न पिता, जोरात नमस्कार घालू लागला तर वेदनेचा झटका येऊ शकतो. त्याने आधी डॉक्टरांना विचारावं, पाणी पिऊन, सावलीत, अगदी थोडं करावं, आणि स्पर्धेच्या वाटेला कधीच जाऊ नये. रथसप्तमीला किंवा २१ जूनला शाळेत सामूहिक नमस्कार असतात तेव्हा शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावं. शंभर पूर्ण न करणारा पोरगा आळशीच असेल असं नाही. वाढलेला रक्तदाब, काचबिंदू, हर्निया किंवा गर्भारपण असेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थिती टाळाव्या. गुडघे गेलेल्या आजीने बाजेच्या कडेवर हात टेकून उभ्यानेच करावं. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो; सूर्याला नमस्कार घालायचा म्हणून सूर्य डोक्यावर यायची वाट पाहू नये.

भवानरावांच्या लेखनातली एक गोष्ट या पुस्तिकेने मुद्दाम घेतलेली नाही, आणि त्याचं मला समाधान वाटतं. नमस्काराने जवळपास सगळे आजार टळतात, असा त्यांचा दावा होता. त्या पिढीच्या बऱ्याच सुधारकांना एकाच उपायाने देश नीट करायचा होता. कुणाला तो चरख्यात दिसला, कुणाला नमस्कारात. त्यांच्या उत्साहाचं मोल कमी नाही, पण मधुमेहाची गोळी बंद करून नमस्कार सुरू करणारे लोक आपण पाहतो, त्यामुळे तो दावा पुन्हा छापणं धोक्याचं झालं असतं. मोठ्या आकड्यांचा सोसही इथे नाही. सोबतच्या तक्त्यात किती नमस्कार घातले हे लिहायला रकानाच ठेवलेला नाही. दम कोणत्या स्थितीत तुटला तेवढं लिहायचं आहे. पहिले पंधरा दिवस बहुतेकांचा तो साष्टांगातून छाती उचलतानाच तुटेल. तसं झालं तर पुढे न जाता दुसऱ्या प्रकरणातला नुसता श्वासाचा सराव आठवडाभर करावा आणि मग परत यावं. रोवणीआधी अंग तयार हवं असेल तर मेच्या सुरुवातीला, पहाटेच्या वेळी आरंभ करणं सोयीचं. पऱ्हे टाकायची घाई सुरू झाली की कुणाला सवड मिळत नाही.